बिनपायाची फळी

केस मुंगीच्या पायाच्या करंगळीला गुंडाळला गेला होता. एकच केस, लांब, तपकिरी, कुणा अनोळखी बाईचा. पोर मघापासून का किंचाळतेय म्हणून सासूबाईंनी नातीचा मोजा काढला, तेव्हा तो दिसला. करंगळी पिकल्या जांभळासारखी झाली होती.

मुंगीच्या आईला अख्खी गल्ली टोपवाली म्हणायची. नाटकवाल्यांचे आणि आजारपणात केस गेलेल्या बायकांचे टोप ती घरी बसून करायची. एकेक केस आकडीने जाळीत ओवायचा, गाठ मारायची, पुढचा घ्यायचा. त्या गाठी कापायची बारीक कात्री तिने धावत आणली, पोरीचा पाय मांडीत दाबला, श्वास रोखला आणि केस कापला. हात जरासुद्धा हलला नाही. केस सुटला तशी सासूबाईंनी तिच्या हातातली कात्री काढून घेतली.

"झालं ते पुरे झालं," सासूबाई म्हणाल्या. "ही मुंडकी आता घरातून जाऊ देत."

"मुंडकी नाहीत आई. डोकी आहेत."

"ज्यांना खाली धड नाही त्यांना मी मुंडकीच म्हणणार."

डोकी लाकडाची होती, भरीव, दगडासारखी जड. लहान, मोठी, एक कपाळाने रुंद, एक मागून चपटं. बाहेरच्या खोलीत जमिनीवर भिंतीला टेकून ती ओळीने बसलेली असायची. शेजारी केसांच्या जुड्यांचे डबे, आणि केस विंचरायची ती भली मोठी फणी, जिचे दात म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकलेले उभे खिळे. मुंगी पाळण्यात होती तोवर यातलं काहीच कुणाला खुपलं नव्हतं. ती रांगायला लागली आणि एका आठवड्यात घराची सगळी जमीन तिच्या मालकीची झाली.

सासूबाईंनी तिथल्या तिथे थोरल्या लेकाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. त्याचा फर्निचरचा कारखाना होता. सबंध खानदानात कुणाचा पलंग करकरला तरी त्यालाच बोलावणं जायचं, आणि तो यायचाही, ते कबूल केलं पाहिजे.

"रविवारी टेम्पो आणतो," थोरले दीर म्हणाले. "माझ्या माळ्यावर हवी तेवढी जागा आहे. तिथे येऊन कर ना काम, तुला कोण नको म्हणतंय?"

कुणीच नको म्हणत नव्हतं, हीच तर अडचण होती. माळा गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. खाली दिवसभर करवत चालणार, आणि भुशाच्या धुरळ्यात केसाचं काम म्हणजे पिठाच्या गिरणीत काळे कपडे वाळत घालण्यासारखं. मुंगी अजून अंगावर पिणारी. डोकी एकदा त्या माळ्यावर चढली की आपण त्यांच्यामागे जाणार नाही आणि ती आपल्यामागे येणार नाहीत, हे टोपवालीला स्वच्छ दिसत होतं. चार महिन्यांनी नाटकवाले दुसरा कुणी शोधतील. मग घरातलं कुणीतरी अगदी मायेने म्हणेल, बरं झालं बाई, किती दमायचीस.

आणि दुसरीकडे ती जांभळी करंगळी. तीही खरीच होती. सासूबाई चुकीचं बोलल्या असत्या तर भांडण सोपं झालं असतं.

"डोकी कुठेही जाणार नाहीत," ती म्हणाली. "वर जातील." आणि तिने भिंतीकडे, आपल्या छातीच्या उंचीला, बोट दाखवलं.

"फळी म्हणतेस? मग रविवारी दोन लाकडी घोडे ठोकून देतो, त्यावर ठेवू," फोनमधून आवाज आला.

"घोडे नकोत भाऊजी. खाली पाय दिसला की मुंगी धरून उभी राहते. काल टेबल अंगावर घेतलं असतं तिने. आणि मला तिथे उभं राहून काम करायचंय, गुडघ्याशी ब्रॅकेट नकोत."

"पाय नाहीत, ब्रॅकेट नाहीत. मग फळी राहणार कशावर? तुझ्या हट्टावर?"

"सळयांवर. अर्ध्या भिंतीत, अर्ध्या फळीच्या पोटात."

भाऊजी मनापासून हसले. "अगं, ती शोभेची असते. वर एक फुलदाणी ठेवायची आणि लांबून बघायचं. तुझी ती खिळ्यांची फणी तिच्यावर आवळून तू केस ओढायला लागलीस ना, की तिसऱ्या झटक्याला फळी तुझ्या पायावर. आणि खाली पोर असेल."

"म्हणून जाड करणार आहे."

"कर बाई. रविवारी टेम्पो आहेच."

नवरा संध्याकाळी कामावरून आला तेव्हा त्याला दोन्ही बाजूंनी सगळं ऐकवण्यात आलं. तो बसडेपोत गाड्यांचे ब्रेक तपासायचा. घरात मात्र त्याला ब्रेकच नव्हता, उताराला लागलेल्या गाडीसारखा तो जो बोलेल त्याच्याकडे घरंगळत जायचा. आईकडे बघून म्हणाला, "खरंय." बायकोकडे बघून म्हणाला, "तेही खरंय."

"तू फक्त पोरीला फिरवून आण," बायको म्हणाली. "तेवढं जमेल?"

त्या आठवड्यात घराचं वेळापत्रक उलटंपालटं झालं. एरवी मुंगी झोपली की आई कामाला लागायची. आता आवाजाची कामं मुंगी जागी असताना करायची होती, तीही ती घराबाहेर असताना. खालच्या नळदुरुस्तीवाल्याकडून ड्रिल मागून आणलं. बापाने पोरीला छातीशी बांधून जिना उतरायचा, आणि खालच्या दाराचा आवाज आला की वर भिंत गुरगुरायला लागायची.

भिंत कशी आहे ते आधी बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं होतं. ज्या भिंतीपलीकडे न्हाणीघर, ती पोकळ वाजली. रस्त्याकडची मात्र मुकी, जाड. तिलाच हात घातला. भोकातून आधी पांढरी पूड आली, मग राखाडी, मग एकदम विटकरी, आणि ती विटकरी पूड पाहून टोपवालीला असा आनंद झाला जसा कुणाला विहिरीला पाणी लागल्यावर होईल. वीतभर खोल भोकं पाडली. पुडीचा कणसुद्धा आत राहिला तर गोंद विटेला धरणार नाही, पुडीलाच धरून बसेल, म्हणून प्रत्येक भोक ब्रशने घासलं, फुंकलं, परत घासलं.

"तो ब्रश मुंगीच्या बाटलीचा आहे!" सासूबाई दारातून ओरडल्या.

"होता, आई. नवा आणते."

दोन नळ्यांतून एकत्र होऊन बाहेर येणारा गोंद भोकांत भरला आणि अंगठ्याएवढ्या जाड, आटे पाडलेल्या सळया फिरवत फिरवत आत सारल्या. पाणसळ धरून एकेक सरळ केली. मग सळयांमधलं अंतर मापून घेतलं, आकडे वखारीत कळवले, आणि चांगली जाडजूड फळी, कडेला मापाप्रमाणे भोकं पाडून, तयार मागवली.

फळी आली. वखारीतल्या दोघांनी ती जिन्यातून वर आणली, तेव्हा शेजारपाजारची सगळी दारं किलकिली झाली. नवऱ्याने एक टोक धरलं, तिने दुसरं. पहिली सळई लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. दुसरी जरा ओढूनताणून. तिसरीने भोकाच्या काठावर नाक घासलं. शेवटची तर भोकाच्या शेजारी, लाकडावर, चक्क बोटभर अंतरावर उभी होती आणि आत जायचं नाव घेत नव्हती.

"वखारवाल्याने घोटाळा केला," नवरा म्हणाला.

तिने वखारीत फोन करून जीभ सैल सोडली. वखारवाला शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्ही दिलेले आकडे लिहिलेत इथे. पोलादी टेपने पाडलीत भोकं. हवं तर मोजा."

तिने मोजली, आणि तिच्या टेपने ती खरंच कमी भरली. म्हणजे वखारवाला खोटा! विजयाने ती नवऱ्याकडे वळली, तर त्याने खिशातून डेपोतला पोलादी टेप काढून तिच्या टेपशेजारी जमिनीवर ताणून धरला होता.

आकडे जुळत नव्हते. तिचा टेप कापडी होता, शिकायला लागली तेव्हापासूनचा. इतक्या वर्षांत किती कपाळांभोवती, किती कानांमागून तो ओढला गेला असेल देव जाणे. ओढून ओढून लांबला होता. त्यामुळे सळयांमधलं अंतर त्याने मोजलं ते खऱ्यापेक्षा कमीच, आणि दर सळईगणिक ती खोट वाढत गेली होती. टोपात कधीच अडलं नव्हतं, कारण डोकंही त्यानेच मोजायचं आणि जाळीही त्यानेच. खोटं दोन्हीकडे सारखंच असलं की ते खरं होऊन बसतं. भिंतीने तेवढं ऐकून घेतलं नव्हतं.

"हे बघ," नवरा हळूच म्हणाला, "एवढं केलंस. आता दादा येतोच आहे तर..."

"वाक्य पुरं करू नकोस."

"मी फक्त म्हणत होतो..."

"तू काय म्हणत होतास ते मला ठाऊक आहे. डेपोत एका गाडीचा ब्रेक चुकीचा बसला तर तू काय करतोस? गाडी भंगारात देतोस?"

ब्रेकचा दाखला त्याला लागायचा.

ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंड धुतलं. रडलीच नाही असं नाही, पण नळाच्या आवाजात कुणाला कळलं नाही, आणि रडून झाल्यावर राग जसाच्या तसा शिल्लक होता. बरं झालं. तोच उपयोगाचा होता.

आता माप नकोच, तिने ठरवलं. टोप करताना एखाद्या बाईचं डोकं आकड्यांत मावत नसलं की ती काय करायची? पारदर्शक पातळ प्लास्टिक डोक्यावर घट्ट ताणायची, वरून चिकटपट्ट्या लावायची, केसांची रेघ पेनाने त्यावरच उतरवून घ्यायची. मग कपाळ किती वाकडं आहे ते कुणी आकड्यात सांगायला नको. साचाच सांगायचा. तिने तेच केलं. भिंतीतल्या सळयांच्या टोकांवर प्लास्टिक ताणलं, चिकटपट्ट्यांनी कडक केलं आणि प्रत्येक सळईभोवती पेनाने गोल काढला.

फळीची एक कड तर वाया गेली होती. पण फळीला दोन कडा असतात. तिने चुकलेल्या भोकांत गोंद लावून गोल खुंट्या ठोकल्या, वाळल्यावर त्या कापून कड गुळगुळीत घासली, आणि फळी फिरवून साचा दुसऱ्या कडेवर चिकटवला. सळईसाठी भोक सरळ जावं म्हणून एक ठोकळा केला, त्यातून ड्रिल घालायचं. पण फळी जमिनीवर सरकायला लागली. नवरा कामावर गेला होता. मुंगीला शेजारीण घेऊन गेली होती. घरात उरल्या सासूबाई.

त्या दारात उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"नुसतं बघून फळी थांबत नाही, आई."

"मला काय सांगतेस! माझा विरोध आहे तुझ्या फळीला."

"असू दे की. विरोध करा, पण वर बसून करा."

सासूबाईंनी जरा विचार केला. मग पदर खोचला आणि फळीवर ठाण मांडून बसल्या. "मी दाबून बसले म्हणजे मला पटलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"तिकडचं भोक तिरकं जातंय."

"नाही जात आई."

"मी वरून बघतेय. मला जास्त दिसतं." आणि खरोखर तिरकं जात होतं. तिने ठोकळा सरळ केला. सासूबाईंनी बूड आणखी घट्ट टेकवलं.

फळी बसली. सगळ्या सळया एकदम पोटात घेऊन, समोरून लाकडी मोगरीचे हलके ठोके खात ती भिंतीला जाऊन चिकटली, आणि खाली उरली नुसती मोकळी हवा. टोपवालीने लगेच डोकी ठेवली नाहीत. पाण्याचे मोठे कॅन काठोकाठ भरले, सगळे फळीच्या पुढच्या कडेवर ओळीने मांडले, खाली दोन खुर्च्या आडव्या टाकून मुंगीची वाट अडवली आणि दिवसभर तसंच ठेवलं. येता जाता पाणसळ लावून पाहिली. बुडबुडा मधोमध, हलायला तयार नाही.

रविवारी भाऊजी आले. खाली टेम्पो चालूच ठेवला होता, त्याची धडधड खिडकीतून ऐकू येत होती. आल्या आल्या ते फळीपुढे उभे राहिले. आधी खालून हात फिरवला. मग वरून तळव्याने दाब दिला. मग दोन्ही हातांनी धरून असा झटका दिला की त्यांचंच पाऊल सरकलं.

"हं," ते म्हणाले. मग पुढच्या कडेवरच्या गोल खुंट्यांवर बोट ठेवलं. "ही काय नक्षी?"

"माझी चूक आहे. बुजवलीय."

"समोरच्या बाजूला? लोक बघतील."

"बघू देत."

भाऊजी थोरले होते आणि धंद्यातले होते. नको म्हटलेली फळी धरून राहिली, हे त्यांना कुठेतरी बोचलं असावं. "आज धरलीय. चार महिन्यांनी नाक खाली करेल. लाकूड मला शिकवू नकोस. आणि तोवर पोरीला काही झालं तर तोंड लपवायला जागा मिळायची नाही. चल रे, घे ती डोकी. टेम्पो उभा आहे."

नवरा सवयीने वाकला. खरंच वाकला, कपाळाने रुंद असलेलं डोकं दोन्ही हातांत घेऊन उभाही राहिला. मग बायकोकडे पाहिलं आणि डोकं धरून तिथेच थबकला, ना पुढे ना मागे.

टोपवालीने कडेवरची मुंगी सासूबाईंच्या हातात दिली. स्टूल ओढलं, त्यावर चढली, वळली आणि फळीवर बसली. पाय खाली लोंबत सोडले. मग एका पायाने स्टूल लांब ढकललं.

स्टूल समोरच्या भिंतीला जाऊन आपटलं.

"अगं, उतर," भाऊजी म्हणाले.

"टेम्पो गेल्याशिवाय नाही."

"हा काय पोरखेळ!"

"पोरखेळ नाही भाऊजी. तुम्ही म्हणालात वाकेल. बघा, वाकतेय का. बसा समोर, चार महिने बघा. मला घाई नाही."

"सगळं हट्टाने होत नसतं."

"हट्टाने नाही झालेलं. सळयांनी झालंय. हट्ट फक्त तुमच्यासाठी ठेवलाय." तिचा आवाज चढला नव्हता, पण मानेवरची शीर दिसत होती. "माझी डोकी माझ्या घरात राहतील. जमिनीवर आता एक केस सापडला तर मला सांगा, मी स्वतः टेम्पो बोलावीन. पण ती कुठे जायची ते मी ठरवणार. भुसा खात तुमच्या माळ्यावर नाही."

एवढ्यात मुंगीला भूक लागली. आधी कुरकुर, मग ओठ वळले, मग तिने असा सूर लावला की खालच्या टेम्पोची धडधड ऐकू येईना. भाऊजींचा चेहरा जरा खुलला. हात मागे बांधून ते थांबले. आता ही कुठे बसतेय वर, असं त्यांना वाटलं असणार. आईला खाली आणायला पोराच्या रडण्याइतकी खात्रीची शिडी कुठली!

टोपवालीने दोन्ही हात पुढे केले. "द्या तिला वर."

सासूबाईंनी फळीकडे पाहिलं. फळी भिंतीला मिळते ती रेघ पाहिली. नातीला छातीशी जरा जास्तच घट्ट धरलं.

"आई," टोपवाली म्हणाली आणि हात तसेच पुढे धरले.

पण सासूबाईंचा हात उचलला जाईना. तेव्हा नवऱ्याने हातातलं लाकडी डोकं खाली ठेवलं, आईच्या हातातून मुंगीला घेतलं आणि फळीच्या अगदी पुढ्यात, जिथे फळी पडली असती तर त्याच्याच पायांवर पडली असती तिथे जाऊन उभा राहिला. तिथून त्याने लेकीला वर दिलं.

"दादा," तो भावाला म्हणाला, "तू टेम्पो घेऊन जा."

"तू पण?"

"मी पण."

टोपवालीने पदर ओढून घेतला आणि पोरीला त्याच्याआड धरलं. रडणं मध्येच तुटलं. भाऊजींना आता कुठे बघावं कळेना. छताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पाठ फिरवून जिन्यात गेले. तिथून त्यांचा आवाज आला, "पाणसळ लावलीय का नीट?"

"लावलीय!" सासूबाई ओरडल्या. "मीच बसले होते त्या फळीवर, मला विचार! आणि भोक तिरकं जात होतं ते मी सांगितलं, नाहीतर हिला कुठे दिसत होतं!"

जिना उतरताना पावलं वाजली. टेम्पोने एक गचका दिला आणि धडधड हळूहळू रस्त्याच्या वळणाकडे गेली. रिकामाच गेला.

मुंगी पिता पिता आईच्या अंगठ्याशी खेळत होती. नवरा अजून खालीच उभा होता. मान वर करून तो म्हणाला, "गेला. आता उतर."

"थांब, हिचं होऊ दे."

"मग तोवर मी काय करू?"

"डोकी दे की एकेक करून. दोन्ही बाजूंना जागा आहे."

तो वाकला आणि पहिलं डोकं उचललं.